म्यूटवर झालेली तयारी : एका योगशिक्षक परीक्षेचं प्रकरण

दुपारी दीडला ताईंचा फोन आला. एरवी या वेळी त्या मशीनवर असतात, फोन घ्यायलाही हात रिकामा नसतो. "मॅडम, थिअरी निघाली. प्रॅक्टिकल गेलं," एवढंच म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मागे मशीनचा आवाज नव्हता, हे मला अजून आठवतं.

त्या वेळच्या आमच्या ऑनलाइन वर्गात २२ जणी होत्या. यांतल्या कुणाचं प्रात्यक्षिक अडेल असं कुणी विचारलं असतं, तर मी तीन-चार नावं घेतली असती. ताईंचं नाव त्यांत नसतं. त्यांचं उष्ट्रासन मी इतरांना मुद्दाम मोठं करून दाखवत असे. मग अडलं कुठे? ते शोधताना ताईंपेक्षा माझ्या शिकवण्याबद्दलच मला जास्त कळलं. ऑनलाइन तयारी करणाऱ्यांना आणि करून घेणाऱ्यांनाही ते कामाला येईल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. ताईंची परवानगी आहे. नाव-गाव तेवढं घालू नका, असं त्या म्हणाल्या.

ताई आणि त्यांची परीक्षा

ताई ४४ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या. घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम चालतं: ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. दिवसभर मशीनवर वाकून कंबर धरायची, म्हणून आठ वर्षांपूर्वी त्यांनी आसनं सुरू केली. आधी टीव्हीवर बघून, मग तालुक्याला झालेल्या एका शिबिरात. हळूहळू शेजारच्या पाच-सहा बायका पहाटे मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात त्यांच्याबरोबर येऊ लागल्या. "मी शिकवत नव्हते हो," ताई सांगतात, "मी करायची, त्या बघून करायच्या." हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं होतं. त्यात काय दडलंय ते सहा महिन्यांनी समजलं.

गावच्या हायस्कूलने २१ जूनच्या योगदिनाला त्यांना बोलावलं. कार्यक्रम चांगला झाला. मुख्याध्यापक म्हणाले, "प्रमाणपत्र असेल तर आठवड्याचा तास तुमच्याकडे देता येईल." ताईंना परीक्षा द्यावीशी वाटली ती यावरून.

परीक्षा म्हणजे आयुष मंत्रालयाच्या योगा सर्टिफिकेशन बोर्डाची. सगळे तिला वायसीबी म्हणतात. हे मंडळ २०१८ मध्ये सुरू झालं. यात पायऱ्या आहेत. पहिली योगा प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, अभ्यासक्रम २०० तासांचा. त्यापुढची वेलनेस इन्स्ट्रक्टर, ४०० तासांची. ताईंनी पहिली धरली आणि ते बरोबरच होतं. तिचा कणा आहे योगदिनाचा सामाईक प्रोटोकॉल, ४५ मिनिटांचा. 'संगच्छध्वं संवदध्वं'ने सुरुवात, मान-खांदे-कंबर-गुडघे मोकळे करणाऱ्या हालचाली, मग उभ्याची, बैठी, पोटावरची, पाठीवरची आसनं, कपालभाती, नाडीशोधन, शीतली, भ्रामरी, ध्यान, संकल्प आणि शांतिपाठ. यादी पाठ व्हायला आठवडा पुरतो. परीक्षा मात्र यादीची नसते. लेखी असते, आसनं करून दाखवायची असतात, आणि समोरच्याकडून करून घेऊनही दाखवायची असतात. या शेवटच्या गोष्टीकडे आमच्या वर्गात सर्वांत कमी वेळ गेला.

साडेपाचचा वर्ग

सोमवार ते शनिवार पहाटे साडेपाच ते सात, रविवारी रात्री दोन तास थिअरी. चार महिने. तास व्यवस्थित भरत होते. वर्गाच्या वेळेमुळे ताईंनी सभामंडपातला पहाटेचा सराव बंद केला. "परीक्षा होईपर्यंत," असं बायकांना सांगितलं. मला विचारलं होतं त्यांनी, आणि मीच म्हटलं होतं, "हो, आता स्वतःच्या अभ्यासाकडे बघा." हा सल्ला मी आज देणार नाही.

वर्ग सुरू झाला की माझं पहिलं वाक्य असे, "सगळ्यांनी माईक बंद ठेवा." २२ घरं म्हणजे २२ कुकर, पाण्याची मोटर, कोंबडे, उठलेली मुलं. शांतता हवीच होती. पण त्या शांततेत चार महिने एकटी मीच बोलत होते.

ताईंचा मोबाईल शिलाई मशीनच्या टेबलावर, दोऱ्याच्या डब्याला टेकवलेला. रेंज त्या खोलीतच मिळते. खोली लांबीला बेताची, त्यामुळे उभ्या आसनांत त्या कमरेपर्यंत दिसत आणि पोटावरच्या आसनांत फक्त डोकं-खांदे. मला ते पुरेसं वाटत होतं. चेहरा दिसतोय, हात दिसतात, पुढे चला. २२ चौकटींमध्ये कुणाच्या पायाच्या टाचा कुठे आहेत हे मी किती वेळा पाहिलं असेल, ते आठवूनच लाज वाटते.

लेखी

लेखी तयारीबद्दल मी थोडंच सांगणार आहे, कारण ऑनलाइन वर्गात ती खरोखर छान होते. रेकॉर्डिंग परत ऐकता येतं, ताई तर काज-बटण करता करता ऐकायच्या. पतंजलींच्या योगाची आठ अंगं, त्यांत पाच यम, पाच नियम. हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथात मात्र यम-नियम दहा-दहा. घेरंड संहिता या तशाच दुसऱ्या ग्रंथात अंगं सात. असे आकडे एकमेकांत मिसळतात. त्यांनी दुकानाच्या भिंतीवर खडूने तीन रकाने काढले. गिऱ्हाईक विचारायचं, हे कसलं माप? कण्याचे मणके लक्षात ठेवायला त्यांनी एसटी वापरली: गावातून सातची, बाराची आणि पाचची गाडी सुटते. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५. खाली त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे ४ जुळलेले. एकूण ३३. मी गेली कित्येक वर्षं हे शिकवते आहे, पण इतकं घट्ट बसणारं काही मला सुचलं नव्हतं.

एकदा वज्रासनावरून आमचा चांगला वाद झाला. ताईंच्या सासूबाई ज्ञानेश्वरीचं पारायण करतात. सहाव्या अध्यायात मूळबंधाचं, म्हणजे टाच बुडाशी दाबून बसण्याच्या बैठकीचं, लक्षण सांगून त्याचंच गौण नाव वज्रासन असं माउलींनी म्हटलंय. ताईंनी विचारलं, "मग आपण गुडघे दुमडून बसतो ते काय?" प्रश्न अगदी रास्त होता. हठप्रदीपिकेतही सिद्धासनालाच काहीजण वज्रासन म्हणतात असं आलेलं आहे. एकच नाव वेगवेगळ्या परंपरांत वेगळ्या बैठकीला लागलं आहे. परीक्षेच्या प्रोटोकॉलमध्ये ते गुडघे दुमडून टाचांवर बसण्याला आहे. असा प्रश्न विचारणारी बाई लेखीत अडत नाही. ताईही अडल्या नाहीत.

त्या दिवशी काय झालं

प्रात्यक्षिक केंद्रावर समोरासमोर होतं. मोठी खोली, सतरंज्या, परीक्षक दोन. ताईंनी नंतर मला जे सांगितलं, त्यावरून हे मांडते आहे.

आधी त्रिकोणासन करायला सांगितलं. त्यांनी केलं. परीक्षक म्हणाले, "नजर कुठे आहे तुमची?" ताईंची मान वरच्या हाताकडे वळली नव्हती, तिरकी होऊन समोर, साधारण मशीनच्या टेबलाएवढ्या उंचीवर थांबली होती. भुजंगासनात मान मागे फेकली गेली. अर्धहलासनात पाय नव्वद अंशांत आले, पण डोकं सतरंजीवरून किंचित उचललेलं. आणि नाडीशोधनात त्यांनी पहिला श्वास उजव्या नाकपुडीने घेतला. प्रोटोकॉलमध्ये अंगठ्याने उजवी बंद करून पहिला श्वास डावीने घ्यायचा असतो. हे त्यांना लेखीत कुणी विचारलं असतं, तर त्यांनी झोपेतही बरोबर सांगितलं असतं.

इथपर्यंत सावरता आलं असतं. पुढे दोन जणींना समोर उभं करून सांगितलं, "यांच्याकडून पादहस्तासन करून घ्या." ताई म्हणाल्या, "माझ्याकडे बघा," आणि स्वतः वाकल्या. परीक्षक म्हणाले, "तुम्ही करू नका, सांगा." ताई सरळ झाल्या आणि त्यांना शब्द सुचेना. "हात वर घ्या... आता खाली या." समोरच्या दोघींपैकी एक म्हणाली, "मला बीपीची गोळी चालू आहे, मी करू का?" ताईंना निषेधांची यादी पाठ होती: हृदयविकार, मणक्यांचा त्रास, हर्निया, अल्सर, चक्कर. ती त्यांनी घडाघडा म्हटली. पण ती बाई हात वर करून तशीच उभी राहिली. तिने आता काय करायचं, ते ताईंनी सांगितलंच नाही.

"हात कापत होते मॅडम," ताई म्हणाल्या. "श्वास कुठं चालला होता कळत नव्हतं."

रेकॉर्डिंग

नऊ दिवस ताई वर्गाला आल्या नाहीत. दहाव्या दिवशी मोबाईलवर त्यांचा एकच शब्द आला : 'अलब्धभूमिकत्व'. पतंजलींच्या योगसूत्रात पहिल्या पादात (१.३०) नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, सांगितले आहेत, त्यांतला हा आठवा. धडपड करूनही पायरी हाती न लागणं. रविवारच्या वर्गात आम्ही तो व्याख्येपुरता घेतला होता. मी त्यांना लगेच उत्तर लिहिलं, "पुढची दोन सूत्रं वाचा." ३१ व्या सूत्रात अंतरायांच्या सोबत येणारी मंडळी आहेत: दुःख, दौर्मनस्य, अंगमेजयत्व, श्वास-प्रश्वास. अंगाला कंप, श्वासाची ओढाताण. परीक्षेच्या खोलीत जे झालं, ते तिथे नाव लावून लिहिलेलं आहे. आणि ३२ व्या सूत्रात उपाय : एकतत्त्वाभ्यास. एकच धरा.

आम्ही एकच धरायचं ठरवलं. पण काय धरायचं हे आधी शोधायला हवं होतं, म्हणून वर्गाची जुनी रेकॉर्डिंग्ज काढली. त्या दिवशी तीन तास मी फक्त ताईंची चौकट पाहिली.

उत्तर पहिल्या वीस मिनिटांत दिसलं. ताई प्रत्येक आसनात मोबाईलकडे बघत होत्या. त्रिकोणासनात मान हाताकडे वळायच्या ऐवजी मशीनकडे, कारण पुढे काय ते तिथेच दिसायचं. भुजंगासनात मोबाईल समोर आणि उंच, तो दिसावा म्हणून मान मागे. अर्धहलासनात मी पाय किती वर घेतले हे बघायला डोकं उचललेलं. शवासनातसुद्धा डोळे अर्धवट उघडे. आणि हे चार महिने, रोज दीड तास. त्यांची मान जी चूक करत होती, ती माझ्या पडद्यानेच तिच्याकडून घोटवून घेतली होती.

डावं-उजवं मी सोपं करायला गेले, तिथेच गोंधळ झाला. बघणाऱ्यांना सोयीचं पडावं म्हणून मी तोंडाने 'उजवा' म्हणत स्वतःचा डावा हात उचलायचे, म्हणजे पडद्यावर त्यांच्याच बाजूला हात दिसेल. समोरासमोरच्या वर्गात हे बरेच जण करतात, त्यात वावगं नाही. पण थिअरीसोबत दिलेल्या व्हिडिओंत मी असं केलं नव्हतं. शिवाय झूमवर स्वतःची चौकट आरशासारखी उलटी दिसते, शिक्षकाची मात्र सरळ. एकाच पडद्यावर तीन प्रकारचं डावं-उजवं. हात-पायांच्या आसनांत ते खपून जातं, नाडीशोधनात खपत नाही.

तिसरी गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये दिसत नव्हती, ऐकू येत होती, किंवा खरं तर ऐकूच येत नव्हती. चार महिन्यांच्या सगळ्या रेकॉर्डिंग्जमध्ये ताईंचा आवाज 'नमस्ते मॅडम' आणि 'हजर' याच्या पलीकडे कुठेही नाही. एकाही आसनाची एकही सूचना त्यांनी मोठ्याने उच्चारली नव्हती. आणि समोर असलेल्या पाच-सहा बायका, ज्यांच्यावर त्या रोज शिकू शकल्या असत्या, त्यांना आम्ही घरी पाठवलं होतं.

दहा आठवडे

पहिला आठवडा मोबाईल पालथा. मी बोलणार, ताई फक्त ऐकून करणार. त्यांना भयंकर अवघड गेलं. "अंधारात सुईत दोरा ओवल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या. पण चौथ्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितलं की भुजंगासनात मान लांब होतेय, मागे तुटत नाहीये. डोळ्यांना काही बघायचं नसलं की मान आपली जागा शोधते. त्याच आठवड्यात मी त्यांना मोबाईल जमिनीवर, खोलीच्या दारात, बाजूने लावायला सांगितला, म्हणजे मला टाचा, गुडघे, कंबर, खांदे एका रेषेत दिसतील आणि त्यांना मात्र पडदा दिसणार नाही. घरातल्या घरात करण्यासारखी ही सर्वांत साधी सुधारणा आहे आणि तिला काही खर्च नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही उलटा वर्ग सुरू केला. ताई सूचना देणार, मी करणार. नियम एकच : त्या जेवढं म्हणतील तेवढंच मी करायचं, मनाने काही भरायचं नाही. "हात वर." मी एक हात वर केला. "दोन्ही!" दुसरा समोरून अर्धा वर आला. "आता खाली वाका." मी गुडघे वाकवून पाठ गोल केली. ताई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माप न घेताच कापड कापलं की मी."

मग आम्ही मापं घ्यायला बसलो. मराठी योगपुस्तकांत आसनाचे चार टप्पे सांगायची पद्धत आहे : पूर्वस्थिती, आसन घेणं, आसनस्थिती, आसन सोडणं. प्रत्येक टप्प्यात अंगाचा कोणता भाग हलतो, श्वास आत की बाहेर, आणि वजन कुठे. ताईंनी वहीत प्रत्येक आसनाला एक पान दिलं. 'आसन सोडणं' हा रकाना बहुतेक पानांवर रिकामा होता, कारण वर्गात आसन संपलं की मी 'सावकाश परत या' म्हणून पुढे जात असे. पादहस्तासनातून वर येताना आधी काय उचलायचं, श्वास कधी घ्यायचा, चक्कर येत असेल तर काय, हे आम्ही त्या आठवड्यात पहिल्यांदा बोललो. एका आठवड्याला एकच उभं आसन आणि एकच बैठं. एकतत्त्वाभ्यासाचा अर्थ आम्ही आमच्यापुरता असा घेतला.

शब्दांचाही प्रश्न होता. माझ्या सूचना 'जंघा', 'उदर', 'मेरुदंड' अशा होत्या, आणि ताई त्या तशाच म्हणू बघत होत्या. सभामंडपातल्या बायकांना त्या कशा कळणार? मांडी, पोट, पाठीचा कणा असं त्यांच्या तोंडी आलं तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली उतरला, स्थिर झाला. परीक्षेसाठी हिंदीत सांगायची तयारीही केली, पण आधी मराठी पक्कं झालं, मग हिंदी. उलट केलं असतं तर पुन्हा पाठांतर झालं असतं.

चौथ्या आठवड्यापासून सभामंडप पुन्हा सुरू झाला, यावेळी संध्याकाळी पाचला. सहा बायका. मोबाईल खांबाला बांधलेला, मी दुरून बघणार, बोलणार नाही. पहिल्याच दिवशी ताईंनी जुन्या सवयीने सगळ्यांच्या पुढे उभं राहून करायला सुरुवात केली. मी फक्त हात हलवला. त्या थांबल्या, आणि बायकांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

ताडासनात सगळ्या उभ्या होत्या. ताई मागून चालत गेल्या आणि एकीजवळ थांबल्या. "काकू, डावा खांदा खाली आहे तुमचा." काकू म्हणाल्या, "असेल." ताई म्हणाल्या, "असेल कशाला, तुमच्या ब्लाउजचा डावा खांदा मी दर वेळी कमी घेते." मग दुसरीकडे बघून, "आणि यांचा मागचा गळा नेहमी उजवीकडे सरकतो, म्हणजे पाठ एका बाजूला जाते." या सहाही जणींची मापं त्यांच्या वहीत कितीतरी वर्षांची होती. पाठीची उंची, मुंढा, कंबर, खांद्याचा उतार. त्या नजरेने माणूस बघायची सवय त्यांच्या हाताला होती. फक्त आसनाच्या वेळी ती वापरायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच नाही. मी चार महिने त्यांना समोरून बघायला शिकवत होते, आणि शिंपी माणसाला पाठीमागूनच बघतो.

त्या दिवसानंतर तयारीचा वेग बदलला.

सहा जणींत एक बीपीची गोळी घेणारी, दोघींचे गुडघे दुखरे, एकीचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे पुस्तकातली निषेधांची यादी चालती-बोलती समोर. ताईंना मी एवढंच सांगितलं : 'हे करू नका' असं म्हणालात की लगेच 'त्याऐवजी हे करा' म्हणायचं. बीपीवाल्या काकूंना पादहस्तासनात त्यांनी खांबाला हात टेकवून कमरेपर्यंतच वाकवलं, डोकं खाली जाऊ दिलं नाही. गुडघे दुखणाऱ्यांना वज्रासनाऐवजी पाय पसरून दंडासनात. ऑपरेशन झालेल्या बाईंना कपालभाती आणि उष्ट्रासन नाही. त्या वेळी त्या नुसता सावकाश श्वास बघत बसतील. डॉक्टरांना विचारून या, असंही ताई आपणहून म्हणाल्या. आणि हात लावून दुरुस्ती करायच्या आधी विचारायचं : "हात लावू का?" माप घेताना त्या हे कधी विचारत नसत, इथे विचारायला लागल्या.

नाडीशोधनासाठी मी माझी पद्धतच सोडली. त्या एका क्रियेसाठी आता मी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसते, म्हणजे माझा उजवा तो त्यांचा उजवा. ताईंनी सभामंडपात वेगळी युक्ती केली. त्यांनी सगळ्यांना देवाकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः सर्वांत पुढे, त्याच दिशेला. सूचना तेवढ्या मागे ऐकू जातील एवढ्या मोठ्याने.

सातव्या आठवड्यात मध्येच लग्नसराई आली. ब्लाउजचं काम इतकं अंगावर आलं की पाच दिवस सराव झाला नाही. ताई खचल्या नाहीत. मशीनवर बसूनच त्या पूर्ण ४५ मिनिटांचा प्रोटोकॉल तोंडाने म्हणत राहिल्या, गिऱ्हाईक आलं तर थांबून, गेलं की तिथूनच पुढे. मुलगी घड्याळ लावायची. पहिल्यांदा ३१ मिनिटांत संपला, म्हणजे आसनस्थितीला वेळच दिला जात नव्हता. शेवटी शेवटी तो ४३-४४ वर आला.

दुसऱ्यांदा

दुसऱ्या प्रात्यक्षिकाबद्दल ताईंनी फार कमी सांगितलं. परीक्षकांनी या वेळी भुजंगासन आणि वज्रासन करून घ्यायला दिलं. समोर तिशीतली एक मुलगी आणि वयस्क बाई. ताईंनी दोघींना आधी विचारलं, "गुडघा, कंबर, पोटाचं ऑपरेशन, बीपी, काही आहे का?" वयस्क बाईंनी गुडघ्याचं सांगितलं. ताईंनी त्यांना दंडासन दिलं, मुलीला वज्रासन, आणि दोघींच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. परीक्षकांनी विचारलं, "मागे का गेलात?" ताई म्हणाल्या, "पाठ मागूनच दिसते ना सर."

हात या वेळीही थोडे कापले, असं त्यांनी सांगितलं. नाडीशोधनात पहिला श्वास डावीने गेला.

ताई पास झाल्या. हायस्कूलमध्ये त्यांचा आठवड्याला एक तास सुरू झाला आहे, आठवी-नववीच्या मुलींचा. मानधनाचं अजून ठरायचं आहे, आणि त्याबद्दल त्या माझ्याशी तावातावाने बोलतात, ते मला आवडतं. वेलनेस इन्स्ट्रक्टरची पायरी घ्यायची का, यावर अजून विचार चालू आहे. गणवेशांचा जून उलटल्यावर बघू, असं म्हणतात.

वर्गात मी तीन गोष्टी बदलल्या. बुधवारी आणि शनिवारी माईक उघडे. कुकर वाजला तर वाजला. दर आठवड्याला एक दिवस पूर्ण सराव मोबाईल पालथा ठेवून. आणि तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येकीच्या समोर किमान एक जिवंत माणूस हवं, नवरा, सासू, शेजारीण, कुणीही, ज्याच्याकडून ती रोज एक आसन करून घेईल. या तिसऱ्या अटीवर काहीजणी नाराज झाल्या. एकीने वर्ग सोडला. मी अट ढिली केलेली नाही.

खरी अडचण आली ती मस्कतमध्ये राहणाऱ्या एका मुलीची. नवरा साइटवर असतो, घरी दिवसभर ती एकटी, शेजारी कुणाशी ओळख नाही. तिला समोर माणूस कुठून आणायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी हे वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं. संध्याकाळी ताईंचा निरोप आला. आता दर गुरुवारी आपल्याकडे दुपारी दीडला, तिकडे बाराला, ताई मशीन बंद करतात, मोबाईल दारात जमिनीवर ठेवतात आणि सतरंजीवर उभ्या राहतात. मस्कतची मुलगी सूचना देते. ताई ती म्हणेल तेवढंच करतात, मनाने काही भरत नाहीत. गेल्या गुरुवारी ती 'हात वर' म्हणाली, आणि ताईंनी एकच हात वर केला.